भिगवणची होडी-सफर : पक्षी किती जवळ येऊ देतात, ते नावाड्यावर ठरतं

उजनीच्या फुगवट्यावर रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, बघायला निघालेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती जवळून दिसतात? "एकदम जवळून" असं उत्तर मिळालं की बुकिंग होतं. आम्ही मात्र या सेवेला दुसऱ्या निकषावर गुण दिले आहेत. होडी जवळ गेली, थांबली आणि मागे फिरली, तेवढ्या वेळात किती पक्षी चोच पाण्यात ठेवून चरत राहिले? या निकषावर भिगवण, कुंभारगाव आणि डिकसळ परिसरातले काही नावाडी देशात कुठेही मानाने उभे राहतील इतके चांगले आहेत. काही मात्र असे आहेत की त्यांच्या होडीत बसण्यापेक्षा काठावरून दुर्बिणीने बघितलेलं बरं. दोघांची होडी सारखीच असते, भाडंही साधारण सारखंच. फरक असतो तो शेवटच्या दोनशे मीटरमध्ये.

जागेची ओळख थोडक्यात. पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्याहून साधारण शंभर किलोमीटरवर भिगवण. भीमेवरचं उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं आणि त्याचा फुगवटा इंदापूर, दौंड, करमाळा तालुक्यांच्या शिवारात पसरला. धरणाचा साठा सुमारे ११७ टीएमसी. पावसाळ्यानंतर जलाशय तुडुंब असतो, तेव्हा उथळ पाणी कमी आणि रोहितही कमी. हिवाळ्यात शेतीला पाणी सुटतं, पातळी उतरते, काठाचा गाळ उघडा पडतो आणि त्या गुडघाभर पाण्यात पक्षी उतरतात. म्हणून "डिसेंबर ते मार्च" हा हंगाम कॅलेंडरवर नाही, धरणाच्या पातळीवर ठरतो. धरण उशिरापर्यंत भरलेलं असेल त्या वर्षी रोहित उशिरा येतात. बुकिंगच्या आधी फोनवर विचारायचं ते हेच: गाळ उघडा पडला का?

होड्या स्थानिक मच्छीमारांच्या. लांबट, कमी खोलीच्या, कडेला बसायला फळ्या. काहींना इंजिन, काही वल्ह्यावर किंवा लांब बांबूवर चालणाऱ्या. बांबूची होडी हळू जाते म्हणून लोक नाकं मुरडतात. आमच्या मते तीच सगळ्यात मोलाची, पण त्याकडे पुढे येऊ.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचं परीक्षण चोखंदळपणाचं वाटेल. पक्ष्याला माणसाची भीती वाटते ती ठरावीक अंतराची नसते. हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात उड्डाण-अंतराची कल्पना मांडली: समोरचा किती जवळ आला की प्राणी पळतो, ते अंतर. पुढे १९८६मध्ये यडेनबर्ग आणि डिल या अभ्यासकांनी त्यातला हिशोब उलगडला. शत्रू दिसल्या दिसल्या पक्षी उडत नाही. थांबण्यातला धोका आणि उडण्यातला तोटा, म्हणजे सुटलेलं खाणं, खर्ची पडलेली ताकद, गमावलेली जागा, या दोन्हींचा तोल जिथे बिघडतो तिथे तो उडतो. हा तोल क्षणाक्षणाला बदलतो. येणाऱ्याचा वेग, दिशा, तो किती लांबून दिसू लागला, पक्ष्याला भूक किती आहे, पलीकडे जायला दुसरी जागा आहे का, काल असाच कोणी आला होता तेव्हा काय झालं, हे सगळं त्यात येतं. नावाड्याच्या हातात यातल्या निम्म्या गोष्टी असतात. म्हणूनच एकाच थव्याजवळ एक होडी साठ मीटरवर निवांत थांबू शकते आणि दुसरी दीडशे मीटरवर थवा उठवते.

आता प्रत्यक्ष होडीकडे.

चांगला नावाडी इंजिन दोनशे मीटरच्या आसपास बंद करतो. आवाजाइतकंच वेगाचंही कारण असतं. इंजिनाची होडी सरळ रेषेत, न थांबता, मोठी मोठी होत येते, आणि झपाट्याने वाढत जाणारा आकार पक्ष्यांना सगळ्यात लवकर बुजवतो. इंजिन बंद झाल्यावर होडी थोडी घरंगळते, मग बांबू. बांबू टाकायचा तोही हळू. पाण्यातून वर काढताना तो होडीच्या कडेवर आपटला तर तेवढ्या ठक्क आवाजानेही काठाचे शेकाटे पक्षी ओरडत उठतात. शेकाट्यांचा इशारा अख्खं पाणी ऐकतं, आणि त्यानंतरची दहा मिनिटं रोहितांच्या माना खाली जात नाहीत. रोहितांपर्यंत पोचायचं असेल तर आधी काठाच्या लहान पक्ष्यांना सांभाळून जावं लागतं. जुन्या नावाड्यांना हे सांगावं लागत नाही.

दिशा. थेट थव्याच्या मध्यावर नाक रोखून गेलेली होडी आणि थव्याला बाजूला ठेवून तिरकी सरकणारी होडी यांत आम्हाला नेहमी दुसरीच सरस दिसली आहे. तिरकं जाताना होडी "यांच्याकडे" येत नाही, "इथून" जाते. इथे वाऱ्याचं एक गणित आहे, जे बऱ्याच नव्या नावाड्यांना माहीत नसतं. वारा पाठीवर घेऊन थव्याकडे वाहत जाणं सोपं, बांबूही मारावा लागत नाही. पण रोहित जड, लांब पायांचा पक्षी. त्याला उडायला पाण्यावरून काही पावलं धावावं लागतं आणि तो वाऱ्याच्या तोंडाला धावतो. होडी वाऱ्याच्या बाजूने आली की त्याची धावपट्टीच अडते. मग थवा आणखी लवकर अस्वस्थ होतो, आणि वाऱ्याने ढकललेली होडी ऐनवेळी थांबवताही येत नाही. म्हणून वारा आडवा घ्यायचा, सूर्य पाठीशी ठेवायचा आणि थव्याच्या मागे मोकळं पाणी राहील असं बघायचं. तिन्ही एकदम जमत नसेल तर सूर्य सोडायचा. फोटो थोडा फिका येईल, पण थवा जागेवर राहील.

सुरुवात किती लांबून, हेही महत्त्वाचं. ब्लमस्टीन या संशोधकाच्या अभ्यासांतून पुढे आलेली एक गोष्ट उघड्या जलाशयावर रोज दिसते: येणारा जितक्या लांबून दिसू लागतो, तितक्या लांबूनच बरेच पक्षी उडतात. सतत त्याच्यावर नजर ठेवत बसण्यात चरणं होत नाही, त्यापेक्षा निघून गेलेलं परवडतं. त्यामुळे अर्धा किलोमीटर सरळ रेषेत, एका चालीत येणारी होडी स्वतःचंच नुकसान करते. मध्ये दोनदा थांबा. शंभर-दीडशे मीटरवर चार-पाच मिनिटं नुसतं तरंगत राहा. माना खाली गेल्या की पुढे. "दादा, जरा थांबू या इथे" असं प्रवाशाने म्हटलं तर कुठलाही नावाडी थांबतो. घाई बहुतेक वेळा प्रवाशांचीच असते.

थांबायचं कुठे ते थवाच सांगतो. चरणारा रोहित ओळखायला सोपा: मान पूर्ण खाली, चोच उलटी पाण्यात, पाय जागच्या जागी गाळ तुडवताहेत, आजूबाजूचं पाणी गढूळ. पहिली खूण म्हणजे कडेच्या चार-सहा माना वर येतात आणि पुन्हा खाली जातात. इथपर्यंत सगळं ठीक. मग बऱ्याच माना एकदम वर येतात, ताठ होतात, हंसासारखा घोगरा आवाज सुरू होतो, विखुरलेले पक्षी एकमेकांजवळ सरकतात. इथे थांबायचं, याच्या पुढे एक बांबूही नाही. त्यानंतर अख्खा थवा एका दिशेला चालू लागतो. फोटोत हे दृश्य फार देखणं दिसतं, गुलाबी रांग संथपणे निघालेली, आणि म्हणून बहुतेक होड्या याच क्षणी आणखी पुढे काढल्या जातात. पण चालणारा थवा पळणारा थवा आहे, त्याने फक्त पंख उघडलेले नाहीत. या टप्प्यावर होडी मागे घ्यायला हवी. मागे घेतल्यावर पाच ते दहा मिनिटांत माना खाली गेल्या तर राहा. नाही गेल्या तर ती जागा सोडा. आणखी एक: थव्याचं उड्डाण-अंतर म्हणजे थव्यातल्या सगळ्यात भित्र्या पक्ष्याचं अंतर. बाकी शंभर शांत असले तरी एक-दोन उठले की सगळे उठतात. त्यामुळे बघायचं ते मधल्या निवांत पक्ष्यांकडे नाही, कडेच्या बेचैन पक्ष्यांकडे.

अंतर मोजायला यंत्र लागत नाही. पूर्ण वाढलेला, मान ताठ केलेला रोहित साधारण १.३ मीटर धरा. हात पूर्ण लांब केला की डोळ्यापासून बोटापर्यंत सुमारे ६५ सेंटिमीटर. साठ मीटरवरचा रोहित त्या हाताशी १.४ सेंटिमीटर दिसतो, म्हणजे जवळपास करंगळीच्या रुंदीइतका. करंगळी आडवी धरली आणि पक्षी तिच्यापेक्षा मोठा दिसला तर तुम्ही साठ मीटरच्या आत आहात. शंभर मीटरवर तो करंगळीच्या निम्म्याहून थोडा जास्त. भिगवणला साठ मीटर हा आमचा ठोकताळा आहे, शांत दिवशी, बांबूच्या होडीने, बसलेल्या माणसांसह. रविवारी तो शंभरावर न्यावा.

"साठ मीटरवरून फोटो काय मिळणार?" मिळतो. ४०० मिलिमीटरच्या लेन्समधून साठ मीटरवरच्या १.३ मीटर उंच पक्ष्याची प्रतिमा सेन्सरवर ८.७ मिलिमीटरची पडते. बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो त्या लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरची उंची पंधरा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पक्षी चौकटीच्या निम्म्याहून अधिक उंची व्यापतो. याहून जवळ जाऊन मिळतात ते बहुतेक वेळा पाठमोरे पक्षी. मोबाइलवाल्यांसाठी मात्र हे अंतर फार आहे, आणि होड्यांवर दबाव येतो तो त्यांच्याकडूनच. मोबाइल असेल तर दुर्बिणीच्या भिंगाला लावून काढा, नाहीतर डोळ्यांनी बघा.

होडीतल्या माणसांचं वागणं हा सेवेचाच भाग धरला पाहिजे, कारण चांगला नावाडी निघतानाच ते सांगतो. उभं राहायचं नाही. बसलेल्या सहा जणांची होडी पक्ष्यांना एक लांबट आकार दिसते. त्यातला एक उभा राहिला की तो माणूस होतो. बोट दाखवायचं नाही. सगळ्यांनी एकदम लेन्स रोखायची नाही. हे अती वाटेल, पण पक्षी नजर ओळखतात. २००८मध्ये इंग्लंडमध्ये भोरड्यांच्या जातभाईंवर, म्हणजे स्टार्लिंग पक्ष्यांवर प्रयोग झाला होता. माणूस त्यांच्याकडे बघत असेल तर खाण्याकडे यायला त्यांनी जास्त वेळ घेतला, आणि नजर वळवली की ते लवकर आले, जास्त खाऊन गेले. सिएटलमधले कावळे तर चेहरा लक्षात ठेवतात. मार्झलफ यांच्या गटाने एक ठरावीक मुखवटा घालून काही कावळे पकडून सोडले. त्यानंतर तो मुखवटा दिसला की कावळे काव काव करून अंगावर येत, दुसरा मुखवटा घातलेल्याकडे फारसं लक्ष देत नसत.

भिगवणच्या पाण्यावर हा भेद पहाटे बघायला मिळतो. जाळी काढणाऱ्या मच्छीमाराच्या होडीच्या चार हातांवर छोटे बगळे आणि वंचक बसलेले असतात. तो वाकतो, जाळं ओढतो, शिव्या देतो, मोठ्याने बोलतो, तरी बगळा हलत नाही. उलट जाळ्यातून निसटलेली मासोळी त्याची असते. तासाभराने तशीच होडी, तोच माणूस, पण आत सहा रंगीत जॅकेटं आणि कॅमेरे. तोच बगळा तीस मीटरवरून उठतो. पक्षी माणसाला सरावत नाहीत, ठरावीक माणसाच्या ठरावीक वागण्याला सरावतात. म्हणून नावाडी निवडताना जो आजही जाळी टाकतो तो निवडा. त्याची चाल, त्याचे रोजचे रस्ते, त्याचं थांबणं पक्ष्यांना ओळखीचं असतं, आणि तुम्ही गप्प बसलात तर त्या ओळखीचा फायदा तुम्हाला मिळतो.

अंदाज येईल असं वागणं पक्ष्यांना मानवतं. फ्रान्समध्ये लेगान्यो आणि डुकाटे यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. रस्त्यावर बसलेले पक्षी येणाऱ्या मोटारीच्या प्रत्यक्ष वेगानुसार नव्हे, तर त्या रस्त्याच्या वेगमर्यादेनुसार उडत होते. जिथे गाड्या जोरात जातात त्या रस्त्यावर ते लांबूनच उठत, मग ही विशिष्ट गाडी हळू का असेना. म्हणजे पक्ष्याने जागेचा स्वभाव शिकून ठेवलेला असतो. हेच होडीच्या भाषेत: ज्या खाडीत रोज होड्या सुसाट घुसतात, तिथे तुमची संथ होडीही लांबूनच थवा उठवेल. एका बेफिकीर नावाड्याची किंमत बाकी सगळ्यांना मोजावी लागते. त्यामुळे इथल्या नावाड्यांनी एकत्र बसून अंतर आणि वेग ठरवून घेतला तर त्यात त्यांचाच धंदा आहे.

सेवेतली सगळ्यात मोठी उणीव इथेच. शनिवार-रविवारी एकाच थव्याभोवती चार-पाच होड्या जमतात. एक होडी समोर असेल तर थव्याला तीन बाजू मोकळ्या असतात. दुसरी पलीकडून आली की तो कात्रीत सापडतो. अशा वेळी साठ सोडा, दोनशे मीटरवरही माना खाली जात नाहीत. समोर आधीच एक होडी थांबलेली दिसली तर तिच्याच बाजूला, तिच्या मागे थांबायचं, पलीकडे वळसा घालायचा नाही. हे साधं शिस्तीचं काम आहे, पण पाळणारे थोडे. आठवड्याच्या मधल्या वारी, सूर्योदयाच्या आधी पाण्यावर असाल अशा बेताने जा. या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या लेन्सने पडत नाही.

आणि तो "उडवून दाखवा" प्रकार. टाळी वाजवणे, होडीच्या कडेवर बांबू आपटणे, इंजिन अचानक सुरू करणे. उडताना पंखांतला लाल-काळा रंग उघडतो, तो फोटो सगळ्यांना हवा असतो, आणि त्यासाठी वरचे पैसे दिले जातात म्हणून नावाडी ते करतात. दोष पहिला पैसे देणाऱ्याचा. एकदा असा उठवलेला थवा पुन्हा उतरतो तेव्हा दुसऱ्या होडीला आधीपेक्षा लांबूनच उठतो. उड्डाणाचा फोटो हवा असेल तर बसून राहा. दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून एक फेरी मारून गेला की बदकं आपणहून उठतात, आणि रोहितांच्या छोट्या तुकड्या चरायची जागा बदलताना सकाळभर इकडून तिकडे जात असतात. त्यांचं उतरणं तर उडण्याहून सुंदर. यासाठी फक्त दीड तासाऐवजी अडीच तासांची होडी ठरवायची.

कुरवांना, म्हणजे सीगलना, शेव-गाठी टाकणं हाही आमच्या लेखी तोटाच. कुरव होडीवर घिरट्या घालतात, हातातून खातात, मुलं खूश होतात. पण ही निर्भयता नाही, खाण्याचा हिशोब आहे. तळलेलं, खारट पीठ त्यांचं अन्न नव्हे, आणि प्रत्येक होडीमागे निघालेला कुरवांचा कलकलाट थापटे, तलवार बदकं, चक्रवाक यांना हुसकावून लावतो. शेवेचं पाकीट किनाऱ्यावर ठेवा.

कोणता पक्षी किती सोसतो, हे ढोबळ मानाने सांगता येतं. शरीराने मोठे पक्षी साधारणपणे लांबूनच उडतात, आणि हे बऱ्याच जातींच्या मोजणीत आढळलं आहे. इथे पट्टकदंब हंस सगळ्यात सावध. हिवाळ्यात मध्य आशियातून, हिमालय ओलांडून आलेले, काठाच्या गवतावर चरणारे. पाण्यातून होडीने गेलात तर काही वेळ थांबतात. काठावरून चालत गेलात तर दीडशे मीटरही कमी पडतात. त्यांच्याकडे पायी जाऊच नका. चक्रवाक तसेच, आणि ओरडून सगळ्यांना उठवणारे. चित्रबलाक आणि चमच्यासारख्या चोचीचे चमचे मध्यम. राखी बगळा एकटा असेल तर सोसतो. वारकरी नावाचे काळे पाणपक्षी उडत नाहीत, पाण्यावरून धावत बाजूला होतात. सुरय आणि खंड्या तुमची दखलच घेत नाहीत. एकाच फेरीत सगळं बघायचं असेल तर क्रम उलटा लावा: सगळ्यात सावध पक्षी पहाटे पहिल्यांदा, धीट पक्षी परतताना.

आता हंगामाबद्दलचा एक चुकीचा सल्ला, जो सगळीकडे दिला जातो: "एप्रिल-मेमध्ये या, पाणी आटलेलं असतं, पक्षी फार जवळून दिसतात." दिसतात हे खरं. पण जवळ राहिलेला पक्षी निर्धास्त असतोच असं नाही. ग्लासगो विद्यापीठाच्या बील आणि मोनाहन यांनी २००४मध्ये किनाऱ्यावरच्या टर्नस्टोन पक्ष्यांवर हे तपासलं. काहींना जादा खाणं दिलं, काहींना नाही. माणूस जवळ गेल्यावर पोट भरलेले पक्षी लांबूनच उडाले. ज्यांना जादा काही मिळालं नव्हतं ते जास्त वेळ थांबले. भीती कमी होती म्हणून नव्हे, उडणं परवडत नव्हतं म्हणून. मे महिन्यातल्या आटलेल्या उजनीवर उथळ पाण्याची डबकी थोडी उरतात, दुसरी जागा जवळ नसते, आणि पक्षी तुमच्यासमोर चरत राहतात. त्या दिवसांत साठ मीटरचा ठोकताळा वाढवायला हवा, कमी नव्हे. आमची शिफारस जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी, पातळी अनुकूल असेल तर.

"इथले पक्षी सरावलेत" हे वाक्यही तपासून घ्यावं. अर्जेंटिनात कारेते आणि तेया यांनी बिळात राहणाऱ्या घुबडांचं उड्डाण-अंतर वर्षानुवर्षं मोजलं. एकेका घुबडाचा धीटपणा त्याच्यापुरता जवळजवळ कायम राहतो असं त्यांना आढळलं. म्हणजे माणसांच्या वर्दळीत दिसणारे धीट पक्षी हे भीड चेपलेले असतीलच असं नाही. मुळात धीट तेच तिथे टिकले आणि भित्रे निघून गेले, असंही असू शकतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असतील. भिगवणच्या गर्दीच्या भागात तीस मीटरवर थांबणारे चार रोहित दिसले तर नावाडी म्हणेल, बघा, सवय झाली. त्याला विचारा, बाकीचा थवा कुठे आहे? तो बहुतेक वेळा पलीकडच्या काठाला, होड्या जात नाहीत तिथे असतो.

ठाण्याच्या खाडीशी तुलना अनेकजण विचारतात. ऐरोलीला वन विभागाच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून होडी सुटते. ठाणे खाडी रोहित अभयारण्य २०१५मध्ये जाहीर झालं आणि २०२२मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं. तिथे छोटा रोहित (लेसर फ्लेमिंगो) ही जात मोठ्या संख्येने. वेळ भरती-ओहोटीवर, होडीचा मार्ग ठरलेला, त्यामुळे हवं तिथे थांबता येत नाही. पण तोच मार्ग, तीच चाल, थव्यात घुसणं नाही, यामुळे पक्षी होडीकडे फारसं लक्ष देत नाहीत. लहान मुलं, ज्येष्ठ आणि पहिल्यांदाच बघणारे यांना आम्ही ऐरोली सुचवू. तासन्‌तास थव्याचं वागणं बघायचं असेल तर भिगवणला पर्याय नाही.

बाकी सोयी: लाइफ जॅकेट मागून घ्या, सगळ्या होड्यांवर आपणहून दिलं जात नाही, आणि उथळ पाणी म्हणून दुर्लक्ष करू नका, गाळात पाय रुतला तर काढता येत नाही. पहाटे पाण्यावर थंडी चांगलीच असते. कपडे मातकट, हिरवे, राखी. पांढरा आणि केशरी टाळा. मच्छीमार कुटुंबांकडचं जेवण उत्तम, चिलापीचं कालवण आणि ज्वारीची भाकरी, आदल्या रात्री सांगून ठेवायचं. ड्रोन अजिबात नको. वरून येणारी वस्तू पक्ष्यांना शिकारी पक्ष्यासारखीच वाटते आणि त्यावर बांबू, वारा, अंतर यातलं काहीही चालत नाही.

गुण द्यायचे तर जाळी टाकणाऱ्या, बांबूच्या होडीवाल्याला पाचपैकी साडेचार. इंजिन शेवटपर्यंत चालू ठेवणाऱ्याला दीड, तोही त्याला जागा माहीत असते म्हणून. बुकिंगच्या फोनवर तीन गोष्टी विचारा: इंजिन कुठे बंद करता, सकाळी पहिली होडी किती वाजता, आणि अडीच तास थांबाल का. भाडं माणशी की होडीमागे, तेही तेव्हाच ठरवा. पहिल्या प्रश्नाला "थव्याजवळ गेल्यावर" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा. आणि नावाड्याने थवा न उठवता होडी परत आणली, तर ठरल्या भाड्यावर काहीतरी वर द्या, आणि ते कशासाठी दिलं हे त्याला तोंडाने सांगा.